बँकेवर निर्बंध आले किंवा पतसंस्था बंद पडली, तर ठेवीदाराने काय करावे

कापूस किंवा सोयाबीन विकून आलेले पैसे तालुक्याच्या पतसंस्थेत ठेवणारी माणसे मराठवाड्यात घरोघरी आहेत. व्याज जास्त मिळते, शाखाधिकारी ओळखीचा असतो आणि दारावरच्या पाटीमुळे संस्था बँकेसारखीच दिसते. मात्र संस्था अडचणीत आल्यावर शासन तिला बँक मानते की पतसंस्था, यावरच पुढचा सगळा मार्ग ठरतो. त्यामुळे सर्वांत आधी ठेवपावती काढून नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, ते वाचावे.

रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली सहकारी बँक असेल, तर ठेवीला विम्याचे संरक्षण असते. १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर ठेव विम्याचा कायदा झाला आणि १९६२ पासून विमा सुरू झाला. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा, मुद्दल आणि व्याज मिळून, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपये आहे. त्याच बँकेच्या बीड, परळी आणि अंबाजोगाई या तिन्ही शाखांत स्वतःच्या नावावर ठेवी असतील, तर त्यांची बेरीज एकत्रच होते. पत्नीच्या एकटीच्या नावावरची आणि दोघांच्या संयुक्त नावावरची ठेव मात्र वेगळी धरली जाते.

रिझर्व्ह बँकेने सर्वसमावेशक निर्देश लावून पैसे काढण्यावर बंधन घातले म्हणजे बँकेचा परवाना रद्द झाला, असे नाही. ठेव विम्याच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीपूर्वी अशा बँकांचे ठेवीदार वर्षानुवर्षे ताटकळत असत. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे. त्यातील पहिल्या ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाकडे पाठवायची असते. या काळात शाखेत जाऊन संमतीचा अर्ज भरावा, केवायसी पूर्ण करावी आणि रक्कम घेण्यासाठी दुसऱ्या बँकेतील चालू असलेल्या खात्याचा तपशील द्यावा. मयत वडिलांच्या नावावर ठेव असेल, तर वारसाची कागदपत्रे त्याच वेळी जमा करावीत. त्याच बँकेचे कर्ज थकलेले असल्यास ते ठेवीतून वळते केले जाऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

पतसंस्था किंवा मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत काम करणारी सहकारी पतसंस्था असेल, तर हा विमा मिळत नाही. आपल्या भागात सर्वाधिक हाल याच ठेवीदारांचे झाले आहेत आणि लेकीच्या लग्नासाठी साठवलेला पैसा असा अडकतो, तेव्हा त्याचे दुःख आकड्यांत मावत नाही. राज्यातील पतसंस्थेची लेखी तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे आणि जिल्हा उपनिबंधकाकडे करावी, तर मल्टिस्टेटची दिल्लीतील केंद्रीय निबंधकाकडे. दोन्ही ठिकाणी पोच घ्यावी.

फसवणूक दिसत असेल, तर पोलिसांकडे किंवा आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार देताना महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ याचा उल्लेख जरूर करावा. सर्वजण याला एमपीआयडी म्हणतात. त्याखाली शासन संस्थेची, आणि ती पुरेशी नसल्यास संचालकांचीही, मालमत्ता जप्त करू शकते. उपजिल्हाधिकारी दर्जापेक्षा कमी नसलेला सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशानंतरच तिची विक्री व वाटप होते. यात बराच काळ जातो. म्हणून एकेकट्याने कचेरीचे उंबरठे झिजवण्यापेक्षा गावातील ठेवीदारांनी नाव, पावती क्रमांक, रक्कम आणि मुदत यांची एकच यादी करून ती तक्रारीला जोडावी.

या सगळ्या काळात मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नये. "जुनी पावती द्या, वाढीव व्याजाची नवी देतो" असे संस्थेतूनच सांगितले गेले, तरी प्रत्येक अर्जाला केवळ साक्षांकित छायाप्रत जोडावी आणि मूळ पावती पासबुकासह घरात जपून ठेवावी.