पौषातला छोटा दिवस आणि शेडमधला बल्ब

डिसेंबर संपताना इंदूरला दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा उरतो. सातला उजाडतं, पावणेसहाला मावळतं. सांवेर-देपालपूरकडच्या लेअरवाल्यांची, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांची, तक्रार याच दिवसांत येते: खाद्य तेच, पाणी तेच, अंडी मात्र घटली. थंडीचाही वाटा असतो, पण आधी वर टांगलेला बल्ब बघा.

कोंबडी उजेड फक्त डोळ्यांनी घेत नाही. तिच्या मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमसमध्ये, प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड तिथवर पोचतो. फ्रान्सच्या जाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग केले, तेव्हा आंधळ्या बदकांच्या प्रजनन ग्रंथीही उजेड वाढवल्यावर वाढल्या. कवटीतून तांबडा उजेड निळ्यापेक्षा कितीतरी जास्त आत जातो. त्या पेशींकडून इशारा पिट्युटरी ग्रंथीला मिळतो, तिथून अंडाशयाला. म्हणून अंड्यावरच्या पक्ष्यांना पिवळसर छटेचा बल्ब लावा. निळसर-पांढरा एलईडी स्वस्त मिळतो म्हणून तोच आणू नका.

दिवस आणि बल्ब मिळून उजेड आधी १४ तासांवर न्या, मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवत १६ पर्यंत. १६ तासांसाठी पहाटे ४ ला लावा, रात्री ८ ला विझवा. विझवताना मधले बल्ब आधी आणि बसायच्या दांड्यांजवळचा शेवटी, नाहीतर पक्षी अंधारात जिथे असतील तिथेच खाली बसून राहतात. एकदा वाढवलेला उजेड अंडी चालू असताना कमी करायचा नाही. लाइट जाते त्या गावांत बॅटरीवरचा टायमर घ्याच. तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, मात्र १६ आठवड्यांच्या आत उजेड वाढवू नका. त्या लवकर अंड्यावर येतात, अंडी बारीक पडतात आणि अंग (अंडनलिका) बाहेर येण्याचा धोका वाढतो.

टोचाटोचीवर लाल बल्ब हा जुना उपाय आहे आणि तो खरा आहे. सिमरोलकडच्या एका शेडमध्ये मी संध्याकाळी उभा होतो. एका कोंबडीच्या शेपटीवर रुपयाएवढी पिसं गेलेली, त्यातून रक्त, आणि चार जणी तिच्याभोवती फिरत होत्या. लाल बल्ब लावला तसं ते रक्त आजूबाजूच्या पिसांत मिसळून गेलं आणि त्या चौघी खाद्याकडे वळल्या. जखमी पक्षी तरीही वेगळा काढावाच लागतो, आणि दाटी किंवा खाद्यातली मिठाची, प्रथिनांची कमतरता बल्बाने भरून निघत नाही. हा बल्ब रात्रभर चालू ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. अंधारातच मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं, आणि सलग आठ तास अंधार नसेल तर पक्षी चिडचिडा होतो.

पक्षी पकडायचे, लस टोचायची किंवा गाडीत भरायचे असतील तेव्हा मंद निळा बल्ब लावा. कोंबड्या अंग चोरून बसतात, फडफड कमी होते, पंख मोडत नाहीत.

गाईम्हशींचं थोडं वेगळं. त्यांना लाल रंग फारसा जाणवत नाही, म्हणून रात्री व्यायला आलेली गाय बघायला गोठ्यात जाताना मंद लाल दिवा घ्या, ती बिचकणार नाही.

आणि बल्ब बदलण्याआधी आहेत ते पुसा. तुसाची धूळ बसली की उजेड बराच कमी होतो. खाद्याच्या भांड्याशी वर्तमानपत्र धरा. अक्षरं वाचता आली पाहिजेत.