भातखाचरांचा हिरवा प्लॅस्टिकसारखा दिसू नये म्हणून

डिजिटल चित्रात कोकणातली शेतं बिघडतात ती बहुतेक वेळा रंगचक्रावरच्या भडक हिरव्यामुळे. १२० अंशांचा शुद्ध हिरवा शेतात नसतोच. कोवळा तरवा, म्हणजे लावणीआधीची भाताची रोपं, ७० ते ८० अंशांत, म्हणजे पिवळ्याकडे झुकलेला. पोसलेलं भात ९० ते १०० च्या आसपास. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, ६५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. मागच्या खाचरांसाठी तोच रंग थोडा निळ्याकडे सरकवा, सॅच्युरेशन निम्म्यावर आणा आणि उजळपणा वाढवा. पावसाळी हवेत लांबचे डोंगर २०० ते २१० अंशांच्या फिकट करड्या-निळ्यात बसतात.

लावणीनंतरचं पाणी मात्र नीट पाहून रंगवा, चित्राचा जीव तिथेच असतो. लांबच्या खाचरात नजर तिरकी पडते, म्हणून आभाळ स्पष्ट उमटतं. पायाजवळ वरून पाहतो, तिथे तळाचा चिखल दिसतो. सगळीकडे सारखाच आभाळाचा रंग भरला की शेताची फरशी होते. प्रतिबिंब आभाळापेक्षा किंचित गडद ठेवा.

बांध हिरव्याने संपवू नका. तुटलेल्या कडांना जांभ्या मातीचा तांबूस रंग थोडासा दिला, तरी शेजारचा हिरवा शांत होतो.

अधूनमधून सर्वांत वर करड्या रंगाचा थर ‘कलर’ ब्लेंड मोडवर (थर खालच्या रंगांत मिसळण्याची पद्धत) ठेवून चित्र कृष्णधवल पाहा. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात जमतं. खाचरं एकमेकांत मिसळली, तर दोष छटेचा नसून उजेड-अंधाराचा आहे. ए३ छपाईसाठी कॅनव्हास सुरुवातीलाच ४९६१ × ३५०८ पिक्सेलचा घ्या. नंतर ताणला की गवताच्या रेषा फिसकटतात.