संत लुसीच्या सणाला गहू असे पेरा

१३ डिसेंबरला संत लुसीचा सण. भुसावळला आमच्या घरी त्या दिवशी नाताळच्या गव्हाणीसाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, गहू पेरतो. रीत क्रोएशिया-हंगेरीकडची, आईला एका सिस्टरनी शिकवलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेजारच्या पोरी गौराईसाठी गहू पेरायच्या, त्यामुळे आईला ती लगेच आपली वाटली.

गहू घरातलाच घ्या, लोकवन चालतो. औषध लावलेलं गुलाबी बियाणं नको, त्याच गव्हाच्या घुगऱ्या करायच्या आहेत. आदल्या रात्री दोन वाट्या भिजत घाला. सकाळी परळात दोन बोटं माती भरा, मधोमध मेणबत्तीसाठी छोटी वाटी बसवा. नंतर खोचायला गेलात तर मुळं तुटतात. भोवती मूठभर गहू दाण्याला दाणा लागेल असे पसरा, वर मातीची नुसती भुरभुर. पाणी बोटांनी शिंपडा. ओतलं की दाणे एका कडेला गोळा होऊन कुजतात. कोंब दिसेपर्यंत परळ स्वयंपाकघरात, मग उन्हात. घटाचे गहू अंधारात पिवळे राहतात, हे हिरवे हवेत.

उरलेले संध्याकाळी कुकरला लावा, आठ-दहा शिट्ट्या. मग गूळ, खोबरं, वेलची. दाणा फुटावा पण अख्खा दिसावा. सिसिलीत १६४६ च्या दुष्काळात धान्याची जहाजं लुसीच्याच सणाला आली आणि भुकेल्या लोकांनी दळणाची वाटही न पाहता गहू उकडून खाल्ले, असं तिकडे सांगतात.

खाताना पोरांना तिची गोष्ट सांगा. सिसिलीतल्या सिराक्यूजची मुलगी. आजारी आईला घेऊन संत अगाथा या आधीच्या हुतात्मा मुलीच्या कबरीवर गेली. आई बरी झाल्यावर हुंड्याचा पैसा गरिबांना वाटला. ठरलेल्या नवऱ्याने चिडून ती ख्रिस्ती असल्याची चहाडी केली आणि ३०४ साली, रोमन सम्राट डायोक्लेशनने चालवलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात, तिला मारलं. चित्रात तिच्या हाती डोळ्यांचं तबक असतं, ती कथा बरीच नंतरची. मला जवळचा वाटतो तो सिराक्यूजच्या भुयारी दफनभूमीतला, सुमारे ४०० सालचा लेख. एउस्किया नावाची बाई लुसीच्या सणाला वारली, असं त्यावर कोरलंय. माझ्या आईची तारीखही आम्ही अशीच सांगतो: गहू पेरल्यावर चौथ्या दिवशी गेली.

२४ तारखेला रोपांना लाल फीत बांधा, हुतात्म्यांचा रंग लाल. परळ गव्हाणीत ठेवा. मेणबत्ती घरातल्या सगळ्यात लहानाने लावायची.