पसरणी घाट सायकलने चढण्याआधी: तयारीची यादी, त्यात हँगर चारदा

पुणे ते महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर. त्यातले वाईपर्यंतचे ८५-९० किलोमीटर पायांचे, वाई ते पाचगणी या पसरणी घाटाचे बारा-एक किलोमीटर गिअरचे आणि उरलेले जिद्दीचे. ही यादी मधल्या बारा किलोमीटरसाठी आहे. हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या, मोबाइल चार्ज करणं, आधार कार्ड, सुटे पैसे हे कोणी सांगायची गरज नाही, म्हणून सांगत नाही.

सुरुवात गिअरपासून करू, कारण ते बदलायचे तर किमान दोन आठवडे आधी. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या आसपास. म्हणजे घाटाची सरासरी पाच टक्के. चढ छातीवर येणारा नाही, पण मध्ये दम घ्यायला सपाट तुकडाही देत नाही. तासाला ९ किलोमीटर वेग धरा, बहुतेकांचा खरा वेग तोच असतो, आणि गणित करा. रोड सायकलचं ७०० मापाचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. पुढे ३४ आणि मागे २८ दाती असेल तर या वेगाला पेडलचे मिनिटाला ५९ फेरे पडतात. मागे ३२ लावलं की ६७, ३४ लावलं की ७१. पुढे ३९ आणि मागे २५ असलेली जुन्या वळणाची रेसिंग सायकल असेल तर फक्त ४६. सव्वा तास मिनिटाला ४६ फेरे म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर, आणि तोही हायवेचे ऐंशी-नव्वद किलोमीटर मारून झाल्यावर. चढावर ६५ ते ७५ च्या मध्ये कॅडन्स (पेडलचे मिनिटाचे फेरे) राहील असा गिअर हवा. ६० च्या खाली फार वेळ जात असाल तर तो दमाचा दोष नाही, कॅसेटचा (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाचा) आहे. ‘मला २८ पुरतं’ असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी ते आधी सिंहगडावर सिद्ध करावं. गोळेवाडीच्या चौकीपासून वरच्या पार्किंगपर्यंतचा तो चढ पसरणीपेक्षा लांबीने कमी आणि जास्त उभा आहे. तिथे बसून चढता आलं तर पसरणीची काळजी नाही.

मोठी कॅसेट घेताना दुकानदाराला फक्त ‘३४ वाली द्या’ म्हणू नका. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तेवढे दात पेलतो का ते बघा. उदाहरणार्थ शिमानो १०५ च्या आर ७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे दोन पुली धरणारा खालचा भाग) डिरेलर ३० दातांपर्यंत चालतो, लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. नंबर डिरेलरच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. चेनची लांबीही तपासायची: पुढे मोठी चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे मोठी कॉग (कॅसेटमधलं चक्र), आणि चेन डिरेलरमधून न नेता नुसती गुंडाळून पाहिली तर दोन कड्या जास्त उराव्यात. कमी पडली आणि चुकून मोठ्यावर मोठं लागलं तर डिरेलर ताणून तुटतो. शिवाय नवीन कॅसेटवर झिजलेली चेन घालू नका. सपाटीवर कळत नाही, घाटात उभं राहून जोर दिला की दातांवरून घसरते. चेन-चेकर शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. अकरा स्पीडला (मागे अकरा कॉग) ०.५ टक्के झीज दाखवली की चेन बदला, त्याहून कमी स्पीडला ०.७५ पर्यंत चालेल.

आता हँगर. मागचा डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर बसतो तो. हा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, सायकल उजव्या कुशीवर पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. आणि तो वाकतोच. चहाच्या टपरीवर भिंतीला टेकवलेली सायकल सरकली, गाडीच्या डिकीत उजवी बाजू खाली घालून झोपवली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरने ढकलली, एवढं पुरतं. पंचाईत अशी की थोडा आत वाकलेला हँगर सपाटीवर कळत नाही. मधले गिअर बिनतक्रार पडतात, किंवा किंचित खरखरतात आणि आपण केबल थोडी फिरवून ते मिटवतो. वाईपर्यंत सगळं ठीक. पसरणीच्या चढाला लागलं की पहिल्यांदाच मागची सगळ्यात मोठी कॉग लागते. डिरेलर वाकलेल्या हँगरवरून आणखी आत झुकतो, पिंजरा चाकाच्या तारांमध्ये अडकतो, आणि एका सेकंदात हँगर तुटलेला, डिरेलर पिळलेला, दोन-तीन तारा गेलेल्या. तिथून पुढे सायकल ढकलायची किंवा टेम्पोला हात करायचा.

म्हणून हँगर बघा. सायकलच्या मागे उकिडवं बसा, चेन मधल्या कॉगवर ठेवा. कॉग, वरची पुली आणि खालची पुली एका उभ्या रेषेत दिसायला हवी. खालची पुली चाकाकडे कललेली दिसली तर हँगर वाकलाय. हाताने ओढून सरळ करू नका, डिरेलर लावलेला असताना तर मुळीच नाही. दुकानात हँगर सरळ करायचं गेज असतं, दहा मिनिटांचं काम आहे. वाकवून सरळ केलेला तुकडा पुन्हा वाकायला सोपा होतो, त्यामुळे जास्त वाकला असेल तर नवीनच टाका.

हँगर सरळ झाल्यावरच एल स्क्रू, म्हणजे डिरेलर तारांकडे किती आत जाईल ते ठरवणारा. क्रम उलटा केलात तर वाकड्या हँगरला जुळवलेला स्क्रू सरळ हँगरला चुकीचा ठरतो. चेन सगळ्यात मोठ्या कॉगवर घाला, पेडल हाताने फिरवत ठेवा आणि डिरेलर बोटाने तारांकडे दाबा. चेन कॉगच्या पलीकडे पडता कामा नये आणि पिंजरा व तारांमध्ये स्पष्ट फट दिसली पाहिजे. फट कमी असेल तर एल स्क्रू घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. नवीन मोठी कॅसेट घातली असेल तर बी स्क्रूही लागेल, नाहीतर वरची पुली कॉगवर घासत राहील. इंडेक्सिंग (गिअर नेमके पडतील अशी केबलची जुळणी) सगळ्यात शेवटी.

आणि एक सुटा हँगर सोबत ठेवा. दोन बोटांत मावतो, वजन नगण्य. मात्र तो तुमच्याच फ्रेमचा हवा. ‘सगळ्यांना बसतो’ असं काही या बाबतीत नसतं, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे हँगर वेगळे निघतात. वाईत, पाचगणीत तुमच्या फ्रेमचा हँगर मिळेल या भ्रमात राहू नका. पुण्यातही बऱ्याचदा मागवावा लागतो, म्हणून आजच फ्रेमचा नंबर घेऊन ऑर्डर टाका. सोबत ५ मिलिमीटरची ॲलन की, हँगरच्या बारक्या स्क्रूला बसणारी की किंवा पेचकस, चेन तोडायचं टूल आणि एक क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी). हँगर नुसता पिशवीत असून उपयोग नाही, तो एकदा घरी काढून-घालून बघा. घाटात अंगठ्याच्या नखाने स्क्रू फिरत नाहीत.

टायर: २५ मिलिमीटरचे असतील तर सत्तर किलोच्या माणसाला ८० ते ९० पीएसआय, २८ चे असतील तर दहाने कमी. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, पंक्चर बहुतेक त्यांचंच. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवून तार काढा, नाहीतर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. दोन ट्यूब, पॅच, दोन लिव्हर, पंप. प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर पितळी ॲडॅप्टर, कारण पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं. खोल रिम असेल तर लांब व्हॉल्व्हची ट्यूब; ४८ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह ५० च्या रिमबाहेर येत नाही हे रस्त्यावर कळणं फार वाईट.

दिवे. पहाटे साडेचारला निघालात तर कात्रजला अंधार असतो आणि जुना बोगदा तर दिवसाही अंधाराच. मागचा लाल दिवा लुकलुकता, दिवसभर चालू. खंबाटकीच्या चढावर रांगेत घुरघुरणारे ट्रक असतात. त्यांच्या डाव्या कडेने घुसायचा मोह टाळा.

खाणं-पिणं: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. दोन केळी, किंवा राजगिऱ्याचे दोन-तीन लाडू, किंवा मूठभर खजूर. भूक लागल्यावर खाल्लेलं घाटात उपयोगी पडत नाही, सुरूर फाट्याला हायवे सोडलात की लगेच खा. ओआरएसची मोठी पुडी अख्खा एक लिटर पाण्याची असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी ओतली की मळमळतं. उन्हाळ्यात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरा. दोन्ही बाटल्या वाईत भरा. घाटाच्या वळणांवर खाऊची पिशवी उघडू नका, माकडं टपलेली असतात.

वाईत थांबाल तेव्हा सायकल उजव्या बाजूला झोपवू नका आणि निघण्याआधी पुन्हा हँगर बघा. तेच, मागे उकिडवं बसून, अर्धं मिनिट. वाईपर्यंत गाडीत घालून आणली असेल तर अर्धं मिनिट नको, एल स्क्रूची पूर्ण तपासणी पुन्हा. मग सपाटीवरच मोठी कॉग एकदा लावून बघा, चढावर पहिल्यांदा नको. चढावर त्या गिअरला ‘टिक टिक’ आवाज आला तर तो पिंजऱ्याचा तारांना लागण्याचा आहे. लगेच एक लहान कॉग घ्या आणि थांबा. आणखी दोन फेरे मारून बघू म्हणणाऱ्यांचे डिरेलर तुटतात.

चढताना: पुढची लहान चेनरिंग चढ लागण्याआधी घ्या, जोर असताना घेतली तर चेन आत पडते. वळणाची आतली बाजू जास्त उभी असते, वाहन नसेल तर बाहेरून घ्या. बसून चढा. उभं राहायचंच तर आधी एक गिअर जड करा, वीस-तीस फेरे मारा, पुन्हा बसा. गुडघा पुढून दुखतो त्यांनी सीटची उंची बघावी, बहुधा खाली असते. पण ती निघायच्या आदल्या रात्री बदलू नये.

हँगर तुटलाच आणि सुटा नसेल तर चेन तोडून डिरेलर वगळायचा, पुढे ३४ आणि मागे मधली एखादी कॉग धरून चेन सरळ रेषेत लावायची. घाट असा चढवत नाही. सायकल वळवून वाईत उतरायचं.

पाचगणीनंतर महाबळेश्वरपर्यंत अठरा-एकोणीस किलोमीटर चढ-उतार, वेण्णा लेकच्या अलीकडे पर्यटकांच्या गाड्या. डाव्या कडेने चालवा, एवढंच.

परतीला ब्रेक पॅड. रिम ब्रेक असेल तर पॅडवरच्या खाचा दिसायला हव्यात, डिस्क असेल तर पॅड अर्धा मिलिमीटरवर आला की बदला. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दाबा, वळणात सोडा. विंडचीटर. हिवाळ्यात सकाळी उतरणार असाल तर पूर्ण बोटांचे हातमोजे, कारण बोटं गारठली की ब्रेक दाबला जात नाही.