रात्रीचा लाँग रन: या चुका टाळा

एप्रिल लागला की पणजी-मिरामारकडचे रनर आपला लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं, रात्री अकरावर ढकलतात. इथवर निर्णय बरोबर आहे. पुढे मात्र दर उन्हाळ्यात तेच ते होतं, आणि त्यातल्या बहुतेक चुका बुटांच्या नाड्या बांधण्याआधीच झालेल्या असतात.

रात्र म्हणजे गारवा, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. रात्री ऊन नसतं, एवढंच. मे महिन्यात पणजीत रात्रीचं तापमान 26-27 अंशांखाली क्वचितच उतरतं आणि हवेतली आर्द्रता 80-90 टक्क्यांवर जाते. दुपारी समुद्रावरून येणारा वाराही रात्री पडलेला असतो. अशा हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. आणि अंग थंड होतं ते घाम सुकल्याने, गळल्याने नव्हे. मग शरीर जास्तीचं रक्त कातडीकडे वळवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच वेगासाठी हृदयाचे ठोके वाढतात. डिसेंबरात 6 मिनिटांच्या पेसला (एका किलोमीटरला लागणारा वेळ) 145 वर राहणारी नाडी मेमध्ये आठव्या किलोमीटरलाच 160 च्या पुढे गेलेली असते.

दर मे महिन्यात कुणा ना कुणाचं होतं ते असं. मिरामार सर्कलवरून अकराला निघायचं, कांपाल, पाटो करत रायबंदरच्या बांधावरून जुन्या गोव्यापर्यंत जायचं आणि परतायचं. साधारण 25 किलोमीटर. हातात अर्ध्या लिटरची एकच बाटली. पहिले 5 किलोमीटर झकास जातात. बांधावर एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरं आणि खारफुटी, वाऱ्याची झुळूक नाही. रायबंदर येईपर्यंत बाटली रिकामी, दुकानं केव्हाच बंद. तरी ‘आता इतके आलोच आहोत’ म्हणत पुढे जायचं. जुन्या गोव्याहून वळेपर्यंत पोटऱ्यांत गोळे, पेस साडेसातवर. आता बस नाही, पायलट (मोटरसायकल टॅक्सी) नाही, फोनची बॅटरी 12 टक्के. शेवटी घरच्यांना मध्यरात्री उठवून गाडी मागवायची. आणि ते येईपर्यंत त्या अरुंद बांधावरून अंधारात लंगडत चालायचं, हा सगळ्यात धोक्याचा भाग.

यावर उपाय दोन. पहिला, पेस विसरा. घड्याळावरचा पेसचा स्क्रीन सरळ काढून टाका. नाडी आणि वेळ एवढंच ठेवा. हिवाळ्यातल्या लाँग रनपेक्षा किलोमीटरमागे 30 ते 60 सेकंद हळू धावावं लागतं. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. अंतरही धरू नका, ‘दोन तास’ असं धरा. ‘हळू धावलं तर फिटनेस जाईल’ असं म्हणणारे नवखे रनर जूनपर्यंत दुखापत घेऊन घरी बसलेले असतात.

दुसरा उपाय म्हणजे सरळ रेषेत लांब जाऊ नका. मिरामार ते दोनापावल जाऊन-येऊन साधारण 7 किलोमीटर होतात. अशा तीन फेऱ्यांत 21 होतात आणि एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेजवळचा चढ फुकटात मिळतो. स्कूटर मिरामारला लावा. डिकीत 2 लिटर पाणी, ओआरएसची बाटली, टॉवेल, कोरडा टी-शर्ट, चपला आणि 200 रुपये. एक बाटली अर्धी भरून दुपारीच फ्रीजरमध्ये आडवी ठेवा, निघताना वरून पाणी घाला. शेवटच्या फेरीपर्यंत गार राहते. फेऱ्या कंटाळवाण्या असतात हे मान्य. पण थांबावंसं वाटलं तर स्कूटर कधीच साडेतीन किलोमीटरपेक्षा लांब नसते.

पाण्याचा अंदाज मनानेच बांधणं

अंदाज नको, काटा वापरा. धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. दीड तासात वजन 1.2 किलो घटलं आणि वाटेत 600 मिलिलिटर प्यायलात, तर घाम गेला साधारण 1.8 लिटर, म्हणजे तासाला 1.2. सगळा भरून काढायचा नाही. वजनातली घट 2 टक्क्यांच्या आत राहिली की पुरे. बहुतेकांना दर 15-20 मिनिटांनी 150 ते 200 मिलिलिटर पुरतं. वजन वाढलेलं दिसलं तर जास्त प्यायलात. नुसतं पाणी ढोसून रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं; आणि हीच लक्षणं तहानेची समजून माणूस आणखी पाणी पितो. ते जिवावर बेतू शकतं.

तासाभराच्या पुढे ओआरएस हवंच. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच विरघळवा; अर्ध्या लिटरमध्ये दाट करून प्यायलं की पोट बिघडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. फळांच्या चवीचे गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. कोकम सरबत मीठ घालून रन झाल्यावर उत्तम, मध्ये नको, आंबटाने छातीत जळजळतं.

आणि निघण्याआधी पेनकिलर घेणं बंद करा. अंगात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या थेट मूत्रपिंडावर ताण आणतात.

बाकीच्या

जेवण: नऊला शीत-कडी (भात आणि नारळाची आमटी) आणि तळलेलं मासं, अकराला रन, असं करू नका. नारळाचा रस आणि तेल पोटात रेंगाळतं. जेवण साडेसातला उरका. भूक लागली तर दहाला एक केळं किंवा अर्धा उंडो (गोव्याचा पाव). पोय हा दुसरा गोव्याचा पाव नको, त्यात कोंडा असतो.

दिवा: हेडलॅम्प कपाळाऐवजी कमरेला बांधा. उजेड खालून पडला की खड्ड्याची सावली लांब दिसते. कपाळावरून सगळा रस्ता सपाट वाटतो. पाठीला लाल ब्लिंकर, अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, आणि रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं. कानात काही नको. शनिवारी रात्री तर रस्त्यावर उतरूच नका. पिऊन गाडी हाकणारे त्या रात्री सगळ्यात जास्त असतात.

कुत्रे: पळू नका. थांबा, चालत पुढे जा. चावलाच तर साबणाच्या वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच रात्री इंजेक्शनसाठी जा.

साप: पहिल्या पावसानंतर घोणस आणि मण्यार उबदार डांबरावर येतात. गवताची कड सोडा.

थंडी वाजणं, बोलताना अडखळणं, झोकांड्या: यातलं काहीही दिसलं तर रन तिथेच संपला. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज चुकीचा आहे. धावताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलं असू शकतं. आधी अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, सोबत कुणी असेल तर त्याने तेव्हाच 108 लावावा.

झोप: रात्री एकला परतल्यावर अंग तापलेलं असतं, लगेच झोप येत नाही. शेवटचा किलोमीटर चाला, कोमट पाण्याने अंघोळ करा. चहा-कॉफी संध्याकाळी पाचनंतर बंद. असा रन आठवड्यातून एकदाच, आणि दुसऱ्या दिवशी गजर न लावता उठता येईल अशाच रात्री. सकाळी उठल्यावर नाडी मोजा. रोजच्यापेक्षा 8-10 ठोके जास्त असतील तर त्या दिवशी धावायचं नाही.