चमचा, चमचे आणि माझी बनावट भाषा

माझ्या पहिल्या बनावट, म्हणजे मी स्वतः रचलेल्या, भाषेत ४१ व्यंजनं होती. अरबीतला घशातला क़, आफ्रिकेतल्या झुलू भाषेतले चटकारे (जिभेनं काढायचे 'टक्' असे आवाज), आपले ख-घ सारखे सगळे महाप्राण आणि अर्थात ळ. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून त्यातलं एक वाक्य मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "घसा धरलाय व्हय रं?"

नवखा माणूस आवडले ते ध्वनी गोळा करतो. पण भाषा कानाला ओळखू येते ती तिनं काय गाळलंय त्यावरून. हवाईयन भाषेचं ८ व्यंजनं आणि ५ स्वरांत भागतं. २००१ साली आलेल्या तोकी पोना या रचलेल्या भाषेत व्यंजनं ९ आणि स्वर ५.

काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवायला ध्वनींचा तक्ता लागतो, त्यासाठी लांब जायला नको. पहिलीत घोकलेला क ते म हा पाच बाय पाचचा चौकोन घ्या. आडव्या ओळीत उच्चाराची जागा, उभ्या रांगेत पद्धत. गाळायचं तर शक्यतो अख्खी ओळ किंवा रांग गाळा. मी ख-घ, थ-ध वगैरे दोन्ही रांगा काढल्या आणि भाषा एकदम हलकी झाली. सुटं एखादंच घर रिकामं ठेवायचं असेल तर ग किंवा प बघा. डचच्या मूळ शब्दांत ग नाही, प्रमाण अरबीत प नाही. ग म्हणताना जीभ मागं टेकते, तिच्यामागं हवेला जागा थोडी उरते, ती लगेच भरते आणि ग ला लागणारा स्वरतंतूंचा कंप टिकत नाही.

खरी मजा मात्र पुढं आहे, ध्वनी एकमेकांना भेटतात तिथं. 'चमचा' आणि 'चमचे' मोठ्यानं म्हणा. मग 'माझा', 'माझी'. अक्षर तेच, पण ए-ई पुढं आला की च आणि झ तालूकडं सरकतात. हे कळल्यावर मी माझ्या भाषेत 'पुढं इ आली की त चा च' एवढा एकच नियम घातला, आणि कालच रचलेली क्रियापदं पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यासारखी जुनी वाटायला लागली.

शब्दाच्या सुरुवातीला कुठली जोडाक्षरं चालतील हेही ठरवावं लागतं. आजी स्टेशनला 'ठेसन' म्हणते, म्हणून माझे शब्द तिच्याकडून म्हणवून घेतले. चूकच झाली. तिनं त्यांना मराठी वळण लावलं, आणि मी ते नियम समजून वहीत उतरवलं. आठवडाभरानं सगळं खोडलं.

आता व्यंजनं १३ आहेत. ट-ठ-ड-ढ-ण ही ओळ अख्खी गेली, ळ तेवढा काढवेना. मग संस्कृत 'फल'चं आपल्याकडं 'फळ' झालं तसा दोन स्वरांमधल्या ल चा ळ होतो, असा नियम लिहून त्याची सोय लावली.