जुना फिल्म कॅमेरा घेताना: नागपूरच्या हवेत आधी काय बघायचं

नागपुरात कुणाकडून जुना कॅमेरा घेताना किमतीच्या आधी हे विचारा: उन्हाळ्यात हा कुठे ठेवला होता? नवतप्यात पारा ४५ च्या वर गेला की गच्चीखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट भट्टीसारखं तापतं. लेन्सच्या आट्यांमधलं ग्रीस पातळ होतं आणि त्यातलं तेल ॲपर्चरच्या (लेन्समधल्या, लहान-मोठ्या होणाऱ्या उजेडाच्या छिद्राच्या) पात्यांवर उतरतं. कूलरच्या खोलीत भीती उलटी. तिथल्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, आणि पुढे पावसाळा तिला पोसतो.

म्हणून लेन्स सर्वांत आधी. ॲपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत, ते सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. तिच्या आम्लाने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग जात नाही, तेव्हा अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नये. मग पाती मिटवून बघा. त्यांवर तेलकट चमक असली तर एसएलआरमध्ये (लेन्समधूनच दृश्य बघायच्या कॅमेऱ्यात) ती उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळतो. हे कारागिराकडून दुरुस्त होतं. तो खर्च किमतीतून वजा करा.

शटर, म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड सोडणारी झडप, रिकाम्या कॅमेऱ्यावर, मागचं दार उघडून तपासा. १/५०० सेकंदाची गती जवळपास नेहमीच ठीक वाटते. खरी परीक्षा १ सेकंद आणि १/१५ ची. तिथे अडखळलं तर आतलं वंगण सुकलेलं आहे. झोर्की, फेड अशा सोव्हिएत रेंजफाइंडरमध्ये (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्यात) शटरचा कापडी पडदा असतो. अंधाऱ्या खोलीत लेन्स काढून समोरून टॉर्च मारा. मागून चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर पडद्याला भोकं आहेत. कापडी पडद्याचा कॅमेरा लेन्सला टोपण न लावता उन्हाकडे तोंड करून कधीच ठेवू नका. भिंगाने कागद जळावा तसा पडदा जळतो.

यशिका इलेक्ट्रो ३५ आवडता कॅमेरा, पण फिल्म पुढे सरकवताना आतून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर आतला रबरी पॅड झिजलाय आणि उजेड मोजणारं मीटर भलतंच एक्स्पोजर देणार. त्याची ५.६ व्होल्टची पारा-बॅटरी आता बनत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ अडॅप्टरसह चालते. कोडॅक ब्राउनीत मात्र बघून घ्या: बऱ्याच मॉडेलना ६२० फिल्म (१२० चीच फिल्म, पण वेगळ्या रिळावर) लागते आणि कोडॅकने ती १९९५ मध्ये बंद केली. १२० ची फिल्म अंधारात ६२० च्या रिळावर गुंडाळावी लागते, त्यामुळे रिकामं रीळ सोबत मिळतंय ना, ते विचारा. नवशिक्याने सुरुवात करायला बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री बरा. १२० फिल्मवर बारा चौकोनी फोटो, आणि बिघडण्यासारखं आत फार काही नाही.

दाराच्या खाचेतला, उजेड अडवणारा काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी टूथपिकने खरवडून काढा. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. मग अरुंद खाचेत काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीपाशी २ मिमीचा फोम. बॅटरीच्या कप्प्यातला हिरवट-पांढरा थर व्हिनेगरच्या कापसाने पुसा, नंतर अल्कोहोलने.

घरी आणल्यावर चामड्याच्या केसमधून कॅमेरा बाहेरच काढा. केस ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, स्वयंपाकाच्या भांड्यात नको. डबा कूलरपासून लांब, आतल्या भिंतीला, खालच्या फळीवर. महिन्यातून एकदा प्रत्येक गतीवर पाच-सहा वेळा शटर चालवा आणि ते ताणलेल्या (कॉक केलेल्या) स्थितीत ठेवू नका, स्प्रिंग थकते.